मी आमचा कॉम्प्युटर उघडला

३ जून, सोमवार
बायको भाषांतरं करते. शुक्रवारी दीडशे पानं द्यायचीत आणि फाइल उघडेपर्यंत चहा गार होतो, अशी तक्रार. मेकॅनिकला बोलवू म्हणाली. मी साफ नकार दिला. हे लोक सुटे भाग ढापतात. अपग्रेड मीच करणार, त्याआधी आत काय आहे ते ओळखायचं, बस. तासाभराचं काम.

४ जून, मंगळवार
झाकण काढलं. शी! धुळीची गोधडी. पंख्यात केसांचा गुंता. कोपऱ्यात झुरळ, मेलेलं, पाय वर. या खोलीत आपण जेवतो! अकरा शिंका आल्या. ओळखपरेड उद्यावर.

५ जून, बुधवार
सगळे भाग ओळखले. पंखा असलेला मोठा डबा म्हणजे प्रोसेसर. त्यावर ‘पॉवर सप्लाय’ छापलंय, पण छापील गोष्टींवर मी जात नाही. उभी पट्टी म्हणजे रॅम. तिच्यावर DDR3. म्हणजे आता DDR4 घ्यायची, तीनानंतर चार.
दुकानदाराने विचारलं, मदरबोर्ड कुठला? मी म्हटलं, हिरवा. त्याने आतल्या पोऱ्याला बोलावून मला ते पुन्हा सांगायला लावलं. गिऱ्हाइकाशी वागायची ही पद्धत?

६ जून, गुरुवार, सकाळी ११
नवी रॅम बसेना. खाच भलतीकडेच. कंपन्यांना लाज नाही. जोर लावला. कट्ट! खाचेची क्लिप हातात आली. बहुधा जादाची असावी.

दुपारी ४
स्क्रीन काळा. नुसता पीं पीं आवाज.
बायको दारात उभी. माझी पानं आत आहेत, एवढंच म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. मग तिने वडिलांना फोन लावला.

७ जून, शुक्रवार
सासरे आले. आयुष्यभर टाइपरायटर दुरुस्त केलेला माणूस, सोबत भिंग. प्रत्येक भागावरचं लेबल वाचून कागदावर उतरवलं. जुनी रॅम शेजारच्या खाचेत बसवली. चालू! पानं शाबूत. बायकोने संध्याकाळी सहाला पाठवली.
“जावईबापू, रॅम पुरेशी होती,” ते म्हणाले. “हार्ड डिस्क म्हातारी झालीय.”
म्हातारी म्हणे! स्वतःकडे बघा. (हे मनात.)

९ जून, रविवार
बायकोने नवी डिस्क स्वतःच बसवली. धूळही पुसली. कॉम्प्युटर आता दहा सेकंदांत सुरू होतो. भागांची ओळख आधी मीच सुरू केली होती, हे कुणाच्या लक्षातही नाही.
जरा बघावं म्हणून बसलो. पासवर्ड बदललाय.
विचारला. “तुला कशाला हवाय?” म्हणाली. अगदी शांतपणे.
मी म्हटलं, आत काय आहे ते ओळखायला.