महालक्ष्मीच्या पाटाला पाडलेली सात भोके

॥ श्री ॥

मी, अन्नपूर्णा रूपराव वैरागडे, वय एकसष्ट, शिक्षण मॅट्रिक, राहणार कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणी न सांगता लिहिते. बुद्धी ठिकाणावर आहे. मन मात्र विटले आहे, त्याचे कारण कलम तीनमध्ये येईल.

१. राहते घर यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर आहे. पुढचा भाग थोरल्या प्रभाकरला, मागचा धाकट्या गुलाबला. न्हाणी सामाईक. ती धुण्याची पहिली पाळी थोरल्या सूनबाईची, आजवर एकदाही आलेली नाही म्हणून.

२. पोस्टातले पैसे आधी माझ्या तेरवीला लावावे, उरतील ते दोघांत सारखे. तेरवीला बुंदी नको, खीर पुरे.

३. माझ्या माहेरून जुन्या सागवानाचे दोन पाट आले. दर भाद्रपदात ज्येष्ठा एकावर, कनिष्ठा दुसऱ्यावर, अशी बेचाळीस वर्षे गेली. माझ्यामागे त्या कोणाकडे बसतील, एवढाच मला घोर आहे.

गुलाबने हमरस्त्यावर ढाब्याशेजारी खोली घेऊन जुन्या टीव्हीचा व्हिडिओ गेम बनवला. टीव्हीखाली आडवी फळी लागते. तीत एक दांडा, सहा बटणे, आणि त्यांवर ट्रकवाल्यांच्या थापा. पहिली फळी भुशाच्या दाबीव बोर्डाची केली, ती सांडलेल्या चहाने भाकरीसारखी फुगली. दुसरी प्लायवूडची, तिचे पापुद्रे सुटून एकाच्या बोटात कुसळ गेले. मग आंब्याची आणली, ती आधीच किडकी. तेव्हा मीच चिडून बोलले, "असलं हलकं लाकूड काऊन आणून राह्यला? माह्या पाटाचं सागवान पाय. पाणी पडो, ठोके पडो, हालत नाई."

त्याने पाहिले. वैशाखात मी आंजीला भाचीच्या लग्नाला गेले, तेवढ्यात कवडू सुताराकडून एका पाटाला सात भोके पाडून घेतली. कवडूला विचारले तर म्हणतो, "मले वाटलं, माय, तुमीनंच देला." कोणती बाई महालक्ष्मीचा पाट भोके पाडायला देते? गुलाब म्हणाला, "आई, एक तं शाबूत हाये ना!" जशी काही आमच्याकडे एकच देवी जेवायला येते.

मी जाऊन पाहिले. जिथे हळदी-कुंकवाचे बोट लावायची, तिथे तंबाखूची बोटे, रश्शाचे तेल आणि बटण पुसायला लावलेली थुंकी. तो पाट आता देवीला चालत नाही.

यंदा कनिष्ठा शेजारणीच्या पाटावर बसली. प्रभाकरला कळवले, तर पिपरी मेघेहून दोघे नवराबायको सनमायकाचे टेबल घेऊन आले. थोरली सून सुमित्रा म्हणते, "दोघी मावतात, आई, अन् पुसायले सोपं." खाली वाकून पाहिले, प्लायवूडच! ते टेबल मी त्यांच्याच रिक्षात परत चढवले.

४. सबब दोन्ही मुखवटे व शाबूत पाट गुलाबला देते. ही माफी नाही. प्रभाकरला लाकडातला फरक कळत नाही आणि कळून घ्यायचाही नाही. गुलाबला कळला, म्हणूनच तर घात झाला. माझ्यानंतरच्या पहिल्या भाद्रपदाआधी गुलाबने जोडीचा पाट जुन्या सागवानाचा, खिळा न ठोकता, स्वतः रंधा मारून करावा. कवडूला हात लावू देऊ नये. न जमल्यास देवी गावच्या मंदिरात द्याव्या, पण टेबलावर बसवू नयेत.

५. भोकांचा पाट माझ्या सरणावर घालून कोणी प्रायश्चित्त घेऊ नये. सहा महिने थापा खाऊन त्याला केसाएवढी चीर नाही. असले लाकूड जाळणे हे दुसरे पाप. प्लायचे व बोर्डाचे तुकडेही घालू नयेत, त्यांच्या डिंकाच्या घाणीत मला जायचे नाही. मागे टिनाच्या छपराखाली ती किडकी आंब्याची फळी पडून आहे. ती मी माझ्यासाठी ठेवली आहे.

वर लिहिलेले दोनदा वाचले, खाडाखोड नाही.

सही : अन्नपूर्णा रूपराव वैरागडे

साक्षीदार :
१. बंडूजी महादेवराव ढगे, निवृत्त शिक्षक
२. देवकाबाई शामराव घोडे, शेजारीण (यंदाचा पाट यांचा)

मुक्काम कारंजा (घाडगे), ता. ३ नोव्हेंबर १९८७