चौथी जागा

मिल्टन कीन्स, मंगळवार, मार्च २००६

१. रविवारी बार्बाडोसच्या बोटसफरीचा ऑनलाइन फॉर्म भरला. दिवसभर बीचवर, संध्याकाळी परत. जागा तीन : आई, धाकटी बहीण रेवा आणि मी.
२. आज कन्फर्मेशन आलं. जागा चार. चौथ्या ओळीत नाव नाही, फक्त 'पोहता येत नाही'.
३. बोटवाल्यांना फोन केला. म्हणाले, चौघी चढल्याशिवाय बोट सुटणार नाही.

मी भरलेल्या फॉर्मची प्रिंट तपासली. तिघीच आहोत, आणि तिघींनाही पोहता येतं.

मग लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या आईला फोन लावला. मी काही सांगायच्या आतच ती म्हणाली, "अगं, तिघींनी निघू नये. पर्समध्ये सुपारी ठेवलीय, चौथी म्हणून. हसू नकोस."

"कधी ठेवलीस?"

"रविवारीच."

आईला ईमेलसुद्धा उघडता येत नाही. मग पोहता येत नाही, हे कुणी लिहिलं? सुपारी पाण्यात बुडते का? घरात एक आहे, ग्लासात टाकून बघता आलं असतं. टाकली नाही.

बुकिंगचा पासवर्ड रेवाकडेही आहे. तिला आत्ताच ईमेल केली :

"रेवा, चौथी ओळ गंमत म्हणून तू भरलीस का? भरली असशील तर मी अजिबात रागावणार नाही. शुक्रवारपर्यंत कळव."