नऊ सेकंदांची वाफ

दादा, संमतीपत्रावर सही करता करता थांबलो आणि तुला लिहायला बसलो. लघवी तुंबतेच आहे. डॉक्टरबाई म्हणतात, "प्रोस्टेट वाढलंय. चीर नाही, टाका नाही. लघवीच्या वाटेने गाठीत नऊ-नऊ सेकंद वाफ सोडू, संध्याकाळी घरी."

तीस वर्षं बॉयलर सांभाळला मी. वाफ कुणाची सगी नसते. विचारलं, "दाब वाढला तर?"

"काका, यंत्र विकत घ्यायचंय का?"

याच दुखण्यासाठी तुझं पोट फाडलं, पण काय काढलं ते डोळ्यांना दिसलं तरी. इथे गुण म्हणे महिन्याने. तू आता रात्री किती वेळा उठतोस? खरं सांग. वहिनीला नुसती तपासणी आहे म्हण.

तुझा धाकटा

ता. क. सकाळी बाईंनी वाफ आपोआप कुठे बंद होते ते दाखवलं, मग सही केली. दहाला उपचार झाला. पाच दिवस लघवीची नळी आहे.