घंगाळ धरलंच नाही

डिलाईल रोड, मंगळवार

संपकरी बंधूंनो, आपल्या पोटाचा विचार कुणी करत नाही... घ्या, रोजनिशीतही भाषणच सुरू झालं!

आज हिचे पाय फार सुजले होते. संपापासून आमच्या खाणावळीत जेवणाऱ्या कामगारांच्या भाकऱ्या ही एकटीच थापते. पाय शेकायला नलूने जड पितळी घंगाळात एक तांब्या साठ अंशांचं पाणी ओतलं आणि एक तांब्या सव्वीस अंशांचं.

"बाबा, बरोबर त्रेचाळीस होणार!"

शाळेतून मागून आणलेल्या तापमापकात चाळीसच दिसले. पोरगी हिरमुसली, मग एकदम ओरडली, "घंगाळ धरलंच नाही! तेही तापलं ना!"

ही हसली. "आमका तरी कोण धरता गो?"

ते घंगाळ डोक्यातून जात नाही. मी नेहमी दोनच बाजू मांडतो, मालक आणि कामगार. या संपाची धग घराघरांत कुणी शोषून घेतली?

हिला विचारलं, "संप पुढे चालवायचा का?"

"आता इचारतास?"

उद्या त्यावरच हात वर करून मत घेणार, आणि सभेत फक्त पुरुष. पुन्हा घंगाळ विसरायचं? नाही. भाषणवाल्या, सकाळी उठून चाळीतलं प्रत्येक दार ठोठाव, आणि बायकांना मत द्यायला मैदानात घेऊन जा.