शंकासुराला सगळ्यात वर

३ मार्च

बाबांच्या कॉम्प्युटरवरचा तो देखणा न्यूजरीडर प्रोग्रॅम काढून टाकला! चित्रं झकास, पण पडदा वाचून दाखवणारा आवाज त्यात नुसता "बटण, बटण, रिकामी खिडकी" म्हणत बसतो. बाबांना आता अक्षरं दिसत नाहीत, सगळं ऐकूनच वाचायचं. आई गेल्यापासून जुन्या रेडिओंवर इंटरनेटवरून लेखी गप्पा मारणाऱ्या न्यूजग्रुपशिवाय ते कुणाशी धड बोलत नाहीत. माझ्याशीसुद्धा "हं" नाहीतर "नको". तेवढा तरी धागा तुटू द्यायचा नाही.

४ मार्च

टर्मिनलमध्ये चालणारा, नुसत्या अक्षरांचा न्यूजरीडर बसवला. आवाज एकेक ओळ नीट वाचतो — हुश्श! आधी सर्व्हरचं नाव चुकलं, मग मराठीच्या जागी सगळी प्रश्नचिन्हं. मी वैतागले.

"जुना रेडिओ तापायला वेळ लागतो," बाबा शेजारून म्हणाले. "तू मात्र लगेच तापतेस."

किती दिवसांनी चेष्टा केली!

५ मार्च

या न्यूजरीडरात ग्रुपावर लिहिणाऱ्या माणसांना गुण देता येतात. जास्त गुण दिले की त्याचे लेख आधी येतात. जाहिरातवाल्यांना उणे गुण दिले.

"शंकासुराला सगळ्यात वर ठेव," बाबा म्हणाले.

शंकासुर हे ग्रुपातल्या एकाचं टोपणनाव. बाबांनी काही लिहायचा अवकाश, "कशावरून?" म्हणत हा आडवा येणारच!

"तो तर सतत भांडतो तुमच्याशी."

"म्हणूनच."

७ मार्च

"शंकासुर आला का?" — आजही विचारलं. नाही म्हटलं की मान हलवतात आणि खिडकीकडे तोंड करून बसतात. माझंच सेटिंग चुकलं असणार.

८ मार्च

सेटिंग बरोबर आहे. खात्री करायला लेखांवरचा एरवी लपलेला सगळा तपशील उघडा केला. शंकासुराच्या प्रत्येक लेखावर पाठवणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव — स्वयंपाकघर.

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरांची नावं बाबांनीच ठेवलीत. 'स्वयंपाकघर' म्हणजे ओट्याजवळचा आईचा लॅपटॉप. शेवटचा लेख तिला दवाखान्यात नेलं त्या सकाळचा.

आई! इतकी वर्षं भिंतीपलीकडून भांडत होतीस?

नळ सोडून रडले, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. बाबांना हे कुठल्या तोंडाने सांगू? बायको गेली, आता भांडायला होता तोही गेला म्हणून?

१० मार्च

केलं. आईच्या लॅपटॉपवरून, शंकासुराच्या नावाने चार ओळी. मध्यंतरी तब्येत बरी नव्हती, तुमच्याकडून खूप शिकलो, रेडिओच्या ज्या व्हॉल्व्हवरून आपण भांडलो त्याबद्दल तुमचंच बरोबर होतं. पाप लागायचं तर लागो.

११ मार्च

बाबांनी लेख ऐकला. परत लावायला सांगितला. मग चाचपडत माझा हात धरला.

"छान लिहिलंयस, बाळ. पण 'तुमचंच बरोबर होतं' असं ती जन्मात म्हणाली नसती."