डाव्या पिशवीचा हुक

प्रिय भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस, आजी एका महिन्यात लिहायला शिकलेली नाही. हे शेजारच्या शिंपीमास्तरांचं अक्षर. मी बोलते, ते लिहितात. बजावून ठेवलंय, कात्री कापडापुरती ठेवा, माझ्या बोलण्याला लावू नका. तुझ्या आईकडून लिहून घेतलं असतं, तिचं अक्षर कसं मोत्यासारखं. पण काही गोष्टी सुनेकडून लिहून घेववत नाहीत. मास्तरांना तरी सांगवतील की नाही, बघू.

तुझं पत्र परवा आलं. तुझ्या आईने ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. डोंगरातल्या वस्त्यांवर जखमा बांधायला जातेस, औषधं पोचवतेस, हे ऐकून मी अशी काही फुगले की खुर्ची करकरली. मग पुढचं आलं. दर वळणावर सायकल थांबवतेस, उतरून दोन्ही पिशव्या हलवून बघतेस, निघतेस, पुन्हा थांबतेस. त्या पाय सुजलेल्या म्हाताऱ्यांकडे औषध न्यायला तुला दुपार झाली. मोठ्या नर्सबाई काही बोलल्या नाहीत, त्याचंच तुला जास्त लागलं. आणि शेवटी लिहिलंस, जिला साधी पिशवी धड बांधता येत नाही तिच्या हाती औषधं देऊ नयेत, महिनाअखेरीला परत येते. घरात आनंदीआनंद. तुझा बाप, ज्याला हसायला लावायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो, तो शीळ घालत तुझी खोली झाडायला गेला. मी म्हटलं, ते शेवटचं पुन्हा वाच. तिने वाचलं. म्हटलं, अजून एकदा. तर म्हणाली, आई, कान गेले का तुमचे? कान शाबूत आहेत गं, म्हटलं. दुसरंच काहीतरी बिघडलंय.

मी सायकलवरून अंडी विकायची ते तुला आठवतंच. तीस वर्षं, घरोघर. तुझे आजोबा म्हणायचे, लोक बघतील. म्हटलं, बघू देत की, बघितलं तर घेतील. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन पिशव्या, भुशात रुतवलेली अंडी, आणि मधोमध तू, पाच वर्षांची, महाराणीसारखी पाय सोडून. मला पाटी वाचता यायची नाही, पण कुठल्या दाराला किती अंडी हे कधी चुकलं नाही. तीस वर्षांत तीन अंडी फुटली माझी, आणि त्यातल्या दोहोंवर तू बसली होतीस.

एक सांगू? हे घर मला नेहमी सांगत आलं. गोळी घ्या, स्वेटर घाला, जिन्यावरून जपून. सगळे मायेनेच सांगतात, तक्रार नाही. पण विचारत कोणी नाही. तू विचारलंस. नोकरीचं पत्र आलं, मास्तरांकडून जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवून आणल्यास, आणि माझ्या पायाशी येऊन बसलीस, म्हणालीस, आजी, या कशा बसवायच्या ते शिकव. आठवडाभर आपण अंगणात तेच करत होतो. जड सामान तळाला, दोन्हीकडे वजन सारखं. पिशवी जरा मागे सरकवून, नाहीतर पायडल मारताना टाच लागते. पट्ट्याचं लोंबतं टोक आत खोचायचं, नाहीतर चाक ते गिळतं. वरचे दोन हुक दांडीवर पुरते बसले पाहिजेत, ते पिशवी पेलतात. आणि खालचा, आसाजवळचा, ताणून अडकवायचा, तो तिला उडू देत नाही. शेवटी पिशव्यांना धरूनच मागचं चाक उचलायचं. चाक उचललं गेलं आणि पिशवी जागची हलली नाही, की निघायचं. चौथ्या दिवशी तू डोळे मिटून हुक लावत होतीस. एवढी शिकलेली नर्स, आणि मला मान डोलावून हो आजी, हो आजी म्हणत होतीस. त्या आठवड्याचे आभार मानायचे राहून गेले होते. आज मानते. मास्तर, हे जरा मोठ्या अक्षरात लिहा.

आता त्या सकाळचं. तू निघालीस, कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत गेलीस, आणि डावी पिशवी सुटून रस्त्यात पडली. पांढऱ्या पट्ट्यांची गुंडाळी उताराने उलगडत गेली, गिरणीवाला तिच्यामागे धावला. तू सायकल ढकलत परत आलीस, तोंड लालबुंद. तुझ्या बापाला तू जाऊच नयेस असं वाटत होतं, म्हणून जिभेवर आलं ते बोलला, की साधी पिशवी बांधता येत नाही, आणि निघाली लोकांचे जीव वाचवायला. मी म्हटलं, तिला कशाला बोलतोस, मास्तरांचा पट्टाच कच्चा आहे. भर रस्त्यात म्हटलं. मास्तर त्यांच्या दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मग तू पायरीवर बसलीस, मी चहा केला, आल्याचा, कडक. तू तो फुंकत फुंकत प्यालीस, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. वीस मिनिटं असशील.

भिंगरी, त्या वीस मिनिटांसाठीच मी ते केलं होतं. चाक उचलून बघून झालं, तू पाण्याची बाटली आणायला आत गेलीस, तेव्हा डाव्या पिशवीचा खालचा हुक मी काढला, आणि वरचा एक दांडीवरून सरकवला. ज्या हातांनी तुला शिकवलं त्याच हातांनी. वाटलं, दारातच लोंबेल, हसशील, पुन्हा लावशील, तेवढीच घडीभर थांबशील. तुझा बाप बोलला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, पण खोटं बोलायला. मास्तरांचा हात थांबलाय. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणतात, पुढचं सांगा, आजी. त्यांचा पट्टा पक्का होता, हेही लिहायला सांगितलंय. घरात आज संध्याकाळी जेवायला बसलो की मीच सांगणार आहे. गप्प बसले असते तर महिनाअखेरीला तू दारात असतीस, आणि मला त्याहून दुसरं काय हवं होतं? पण ती परत आलेली माझी भिंगरी नसती. तू बांधलेली पिशवी पक्की होती, पोरी. पहिल्या दिवसापासून. दारात एकदा चाक उचलून बघ आणि नीघ, वळणावर थांबू नकोस, ते म्हातारे वाट बघत असतील. सुट्टी मिळेल तेव्हा ये, चहा तेव्हाही करीन. आणि निघताना मला हात मागे बांधून उभी कर.

तुझीच, हुक काढणारी,
आजी