एक पान सोडून सगळी वही सुनेला

मी, देवराव गोविंदराव बोरकर, वय त्रेसष्ट, रेल्वेचा निवृत्त पॉइंट्समन, मूळचा साकोलीकडचा, हल्ली मुक्काम कॅम्प-१, भिलाई, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा अरुणकुमार याला हे मान्य नाही. पण तो कारखान्यात क्लार्क आहे, डॉक्टर नाही.

१. कॅम्पातली माझी खोली अरुणकुमारची. तो कारखान्याचे सेक्टरातले क्वार्टर सोडून इथे येणार नाही, हे मला ठाऊक आहे. नाटकवाला भाडेकरू मिळाला तर त्याला ठेवावे.

२. घुंगरू, दोन गंगावने आणि कापसाची छाती सुपेल्याच्या ओमप्रकाश टेलरला द्यावी. छाती त्यानेच शिवली. डावी बाजू मोठी झाली, हे त्याने आजवर कबूल केलेले नाही.

३. खानदानाविषयी. अरुणने सासरी सांगितले आहे की त्याचे आजोबा मालगुजार होते. होते, पण फक्त दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या गावनाटकात, मागून आणलेल्या फेट्यात. आम्ही तीन पिढ्या दंडारीत सोंगे काढली. वडील मालगुजार व्हायचे, मी त्यांची बायको व्हायचो. असे घरोब्याचे घराणे दुसरे असेल तर दाखवावे.

एकसष्टच्या गणपतीत मी कॅम्पातल्या नाटकात नायकाची आई झालो. अरुणच्या सासूबाई नागपूरहून लेकीकडे महालक्ष्म्यांसाठी आल्या होत्या, त्याही नाटक बघायला बसल्या. त्यांनी मला ओळखले नाही, पण ती बाई त्यांना इतकी आवडली की म्हणाल्या, "तिले हळदीकुंकवाले बोलवा." अरुण घाईघाईने बोलला, "ते बाई विधवा हाये. कोठीच जात नाही." स्वतःची लाज राखायला पोराने बापाला विधवा केले! विहीणबाईंनी हळहळून पांढरे पातळ पाठवले. त्याचे मी दोन पंचे केले.

४. माझी सगळी हकीकत मी एका वहीत लिहिली आहे. अरुण म्हणतो, "बाबा, जाळून टाका हे वही. मी सासरी काय तोंड दाखवू?" सून कमलिनीने ती चोरून वाचली, पोट धरून हसली आणि म्हणाली, "मामाजी, मले द्या. आईले मीच वाचून दाखवीन." म्हणून वही कमलिनीची. अरुणने वहीला हात लावू नये.

५. फक्त सत्त्याऐंशीवे पान मी स्वतः फाडून या कागदाला टाचले आहे. ते अरुणचे.

अरुण, त्यात तुझी आई अंजना गेली त्या आठवड्याचे लिहिले आहे. तू चार वर्षांचा होतास, तीन दिवस घास घेईनास. शेवटी मी तिचे लुगडे नेसलो, कुंकू लावले आणि चुलीपुढे बसलो. तू मला नीट निरखून पाहिलेस. बाबाच आहे, हे तुला कळले होते. तरी म्हणालास, "माय, भूक लागली." आणि पोटभर जेवलास. त्या दिवशी तुला माझी लाज वाटली नव्हती. हे पान कुणाला दाखव किंवा चुलीत घाल, मालक तू. पण आधी एकदा वाच रे, बाळा.

वरचे मला कुणी पढवलेले नाही. सगळे संवाद माझेच.

देवराव गोविंदराव बोरकर (सही)

साक्षीदार:
भाऊराव लांजेवार, ढोलकीवाले (सही)
देवीदास खोब्रागडे, निवृत्त गार्ड (सही)

कॅम्प-१, भिलाई, जिल्हा दुर्ग
ता. ११ फेब्रुवारी १९६५